ऑइलचा दिवा

जुईनगरच्या गॅरेजात सकाळपासून तिसरी गाडी. माझी पाठ भरून आली होती. नवरा वारल्यापासून वैजयंतीबाईच ही जुनी गाडी चालवत होत्या. इंजिन खडखडत होतं. “पण भाऊ, दोन वर्षांत ऑइलचा लाल दिवा एकदाही लागला नाही,” त्या म्हणाल्या. मी इंजिनाला माझं मीटर लावलं. गाडी तापली तसा काटा घसरत शून्याजवळ आला. ऑइलचं प्रेशर केव्हाच गेलं होतं. मग दिवा का नाही लागला? डॅशबोर्ड उघडला, तर दिव्याचा बल्ब काढून, कापसात गुंडाळून मागेच ठेवलेला. “यांचंच काम,” बल्ब हातात घेत त्या स्टुलावर बसल्या. “पूर्वी दिवा लागला की मी घाबरायचे. यांनी स्वतःचे दवाखान्याचे रिपोर्टही असेच टीव्हीच्या खोक्यात लपवले होते.” मी चहा मागवला. “इंजिन उतरवावं लागेल, वहिनी.” “उतरवा,” त्या बल्ब पुढे करत म्हणाल्या. “पण आधी हा लावा.”