वयाची अट

१९८७ साली आजारपणाचा नवा विमा निघाल्याचं ऐकून पंचाहत्तरीचे तात्या परुळेकर काठी टेकत एजंट हरिश्चंद्रकडे गेले. आजारी पडल्यावर मुंबईतल्या मुलाच्या तोंडाकडे बघायची त्यांची तयारी नव्हती.

"तात्यानू, सत्तरीच्या फुडे कंपनी घेणा नाय," हरिश्चंद्र हसला. "आता तुमचो विमो देवाकडेच!"

तात्या काठी टेकत उठले आणि घरी गेले.

महिन्याभराने हरिश्चंद्रने मालवणच्या बाजारात स्वतःचं ऑफिस उघडलं. देवाला गाऱ्हाणं घालायला, म्हणजे सगळ्यांच्या वतीने मागणं मागायला, वाडीतला सर्वांत वयस्कर माणूस हवा, म्हणून तो तात्यांनाच घेऊन आला. तात्यांनी नारळ ठेवला, हात जोडले आणि खणखणीत आवाज लावला.

"बा देवा म्हाराजा, ह्या पोराच्या धंद्याक यश दी!"

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले.

"हेच्या कंपनीन म्हाताऱ्यांका दारातसून परत धाडल्यान. ती वयाची अट मोडून टाक, आणि पयलो विमो माझो उतरव रे म्हाराजा!"

सगळ्यांच्या नजरा हरिश्चंद्रकडे. 'व्हय' म्हटल्याशिवाय गाऱ्हाणं पुरं होत नाही, आणि गाऱ्हाणं तर त्याच्याच धंद्याचं होतं.



त्याने डोळे घट्ट मिटले आणि एकटाच ओरडला, "व्हय म्हाराजा!"