चौथा कप्पा

कुंताबाईंच्या तेरवीनंतर त्यांच्याच सहीचं पत्र धान सोसायटीत आलं होतं: "मी जित्ती आहो. माझं नाव काहून खोडलं?" सोसायटीचे कारकून डोमाजींनी उत्तर दिलं नव्हतं.

सोसायटीच्या संगणकावर शेतकऱ्यांची यादी आपोआप काढणाऱ्या मॅक्रोत ‘शेतकरी’ हा डेटा प्रकार, म्हणजे नोंदीचा साचा, डोमाजींनीच बांधला होता. त्याला कप्पे तीनच होते: नाव, गाव, धान. आज मॅक्रो चालवताच कुंताबाईंचं खोडलेलं नाव यादीत परत आलं. पुढे चौथा कप्पा होता: ‘जित्ती आहो’.

आपलंच चुकलं असेल म्हणून त्यांनी मॅक्रोची ओळ न् ओळ तपासली. चौथा कप्पा त्यात कुठंच नव्हता.

"विनोद, मेलेल्या बाईची मजाक करून राहिला का बे?" एरवी हळू बोलणारे डोमाजी शिपायावर कडाडले.

"मी काहून करू, काकाजी? कारध्याच्या घाटावर जाळाले नेलं तवा मीच तं खांदा देला."

डोमाजींनी ते नाव पुसलं. ते पुन्हा उमटलं.

संतापानं त्यांनी उत्तर लिहिलं, "बाई, तुम्ही वारलात. माझ्या कामात लुडबूड करू नका." पाकीट चिकटवून त्यांनी चौकातल्या टपालपेटीत टाकलं.

आतून पाकीट फाडल्याचा आवाज आला.