ऐकू येतंय तोवर

"काका गेले, काकू. पण या टोपीमुळे त्यांना अजून थोडा वेळ ऐकू येईल. बोलून घ्या," मार्था सिस्टर म्हणाल्या. सकाळपासून एकेका मृताच्या नातेवाइकांना हेच सांगून त्यांचा घसा बसला होता.

शेवंताबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. "काय बोलू? जन्मभर भांडलोच आम्ही."

"मग भांडा."

शेवंताबाई खाटेला टेकल्या. "अहो, गोळ्या घ्या म्हणून किती कानीकपाळी ओरडले मी! ऐकलंत कधी? आता ऐका!" मग त्या रडत, रागावत बोलतच सुटल्या.

टोपीवरचा दिवा विझला. काकांचं ऐकणं संपलं होतं. तसं लगेच सांगायचा नियम होता आणि बाहेर पुढचे नातेवाईक ताटकळले होते. सिस्टर दुखऱ्या पायांवर तशाच उभ्या राहिल्या आणि विझल्या दिव्यावर त्यांनी हळूच हात ठेवला.