आईसाठी घंटा

मिशनची बोट किनाऱ्याला लागली, तेव्हा म्हातारा गुडघाभर बर्फाळ पाण्यात उतरला होता. नातीसाठी शिवलेले सीलच्या कातड्याचे नवे बूट त्यानं छातीशी धरले होते.

"आलीस, आई?" तो नातीला म्हणाला.

ध्रुवाकडच्या या लोकांत मेलेल्या माणसाचं नाव नव्या बाळाला देतात, आणि नावाबरोबर नातंही. म्हाताऱ्याच्या आईचं नाव उलायुक. ते नातीला दिलं, त्या दिवसापासून ती त्याची आई झाली, त्याच्या बायकोची सासू झाली. पहिला घास तिचा. मग पाद्री आले आणि पोरींना शाळेत घेऊन गेले. देवाच्या नावानं चोरीच ती, दुसरा शब्द नाही. आज सुट्टीपुरती परत आणली.

"मी अ‍ॅग्नेस," पोरगी खाली बघत म्हणाली. "उलायुक म्हटलं की फादर मारतात."

घरी सीलचं मांस शिजलं होतं. सगळे भांड्याभोवती बसले आणि तिच्याकडे बघत राहिले. आईनं घेतल्याशिवाय कोण खाणार? ती मात्र हात मांडीवर ठेवून ताठ बसली. मांस गार व्हायला लागलं.

"घ्या की सासूबाई," आजी म्हणाली. "म्हातारपणी लाजता कसल्या?" सगळे हसले. ती हसली नाही.

"घंटा नाही झाली अजून," ती हळूच म्हणाली. "आधी खाल्लं तर कोंडून घालतात."

हसू विझलं. म्हाताऱ्यानं पळी उचलली आणि भांड्यावर आपटली. तिनं घाईघाईनं पहिला घास घेतला.

आईनं खाल्लं होतं. आता बाकीच्यांनी खायला हरकत नव्हती. कुणीच हात पुढे केला नाही.