साडेबाराचा आकडा

उद्या शर्यत होती आणि गाडी सकाळपासून मिस्त्रीचा अंत पाहत होती. इंजिनाची पूर्ण ताकद हवी तर एक भाग पेट्रोलाला साडेबारा भाग हवा लागते, हे त्याला झोपेतही ठाऊक होतं. पण हवेचं हे प्रमाण दाखवणाऱ्या मीटरवरचा आकडा चौदाच्या खाली उतरायला तयार नव्हता.

पेट्रोल वाढवून झालं, पाइप बदलून झाला. शर्यतीत गाडी चालवणारी त्याची धाकटी बहीण आत बसून ॲक्सिलरेटर दाबत होती. "दादा, अजून चौदाच."

"दिसतंय मला!" तो खेकसला. कुठून हवा गळतेय ते ऐकायला तो श्वास रोखून इंजिनावर वाकला.

"साडेबारा!" ती ओरडली. "काय केलंस रे?"

त्याने श्वास सोडला. आकडा चौदावर गेला. पुन्हा रोखला, तर साडेबारा. सोडला, की चौदा.

"डोकं फिरलंय माझं," असं पुटपुटत तो तरातरा गॅरेजबाहेर पडला आणि रस्ता ओलांडून पलीकडच्या भिंतीशी जाऊन उभा राहिला. तिथून त्याला गाडी दिसत नव्हती, गाडीतून तो दिसत नव्हता. त्याने तोंड घट्ट मिटून श्वास रोखला.

"आला बघ साडेबारा!" आतून हाक आली.

त्याने चरफडत श्वास घ्यायला तोंड उघडलं. आत काहीच आलं नाही. पुन्हा जोर लावला, तरी छाती हलेना.

"दादा, आता साडेबारा सुटतच नाही बघ, घट्ट बसलाय!" बहीण आनंदाने ओरडली आणि तिने ॲक्सिलरेटर आणखी दाबला.