शेजारच्या सीटचं वजन

दस्तगीर मिस्त्रीने वाळूचं पोतं गाडीच्या डाव्या सीटवर ठेवलं. या जुन्या स्पोर्ट्स कारसाठी धनपाल आणि सुलोचना या नवराबायकोने हवेवरच थंड होणारं, पण दुप्पट ताकदीचं इंजिन घडवलं होतं. चाचणीला तो गाडी चालवायचा, ती शेजारी बसून वहीत आकडे लिहायची. तिला जाऊन पंधरा दिवस झाले होते.

“वजन तेवढंच हवं, अण्णा, नाहीतर आधीच्या आकड्यांशी मेळ बसायचा नाही,” मिस्त्री म्हणाला. “वहिनींनी वहीत स्वतःचं चोपन्न किलो लिहिलंय. तेवढीच वाळू भरलीय.”

पंधरा दिवसांत धनपालने डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं. काट्यावर आणखी दोन किलो वाळू मोजून त्याने पोत्यात ओतली आणि सीटचा पट्टा लावला.

“अण्णा, वहीत चोपन्नच आहे.”

“छप्पन होतं,” धनपाल म्हणाला. “कुणाला सांगू नका म्हणाली होती.”