पहिला मान

जीप नऊला निघाली होती. साडेअकरा वाजले तरी काशिरामचा पत्ता नव्हता.

मैना ग्रामपंचायतीच्या दाराशी बसली होती. सभासद नसलेल्या माणसाला सभेत खुर्ची नसते, पण सरपंच आनंदा यांनी, "वयनी, भुईवर कशाला?" म्हणत तिला स्टूल द्यायला लावलं. चहा पाजला. तीन वर्षं ज्या माणसाच्या नावानं तिनं बोटं मोडली, तो आज असा वागत होता. तिला थोडी लाजच वाटली.

भांडण खाडीकाठच्या जागेचं होतं. कोळीवाड्याला म्हावरं सुकवायला तेवढीच जागा, आणि तिच्यावर कंटेनर यार्ड करायचं घाटत होतं. सुरुवातीला चाळीस घरांनी हरकत घेतली. मग कुणाच्या पोराला यार्डात नोकरी कबूल झाली, कुणाला टेम्पो, आणि एकेक अंगठा मागे आला. उरला एकटा काशिराम, मैनाचा नवरा. वरून लेखी हुकूम आला होता की त्याचं म्हणणं सभेत ऐकल्याशिवाय जागा देऊ नये. त्याची हरकत एकदा वहीत चढली की यार्डवाला दुसरं गाव बघणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

पण काशिरामला दमा. खाटेवरून उठायची पंचाईत, तिथे सभेला कोण जातो? विषय दर महिन्याला पुढे ढकलला जायचा. शेवटी तोच म्हणाला, "एकदा जातो, नाय म्हनून सांगतो, मंग खुशाल मरतो." हे कानावर गेलं तेव्हा सरपंचांनी स्वतःची जीप देऊ केली. गाव चकित झालं. देव कुणाला कधी बुद्धी देईल, सांगता येत नाही.

सकाळी काशिरामला मागच्या सीटवर आडवं निजवलं. मैना चढायला लागली तर ड्रायव्हर भावेश म्हणाला, "काकी, पयला पनवेलला डाक्टरला दाखवतो. तुमी हापिसात जाऊन बसा, नायतर इषय उरकून टाकतील." तिला पटलं. काशिरामचे हात थरथरायचे, म्हणून दम्याचा पंप तिनं भावेशच्या हातात दिला आणि ती रिक्षानं पुढे आली.

ती पोचली तेव्हा दहा वाजले होते. ग्रामसेवक चारुदत्त एकटाच टेबलाशी सभेची वही लिहीत होता. मैनाला वाचता येत नव्हतं. साक्षरतेच्या वर्गात चार दिवस गेली, तेवढ्यात नवऱ्याचं नाव तेवढं शिकली. वहीच्या पानावर अगदी वर तिला तेच दिसलं. आधी एक अक्षर आणि टिंब होतं, श्री असणार.

"यांचा नाव लिवलाय ना?" तिनं हरखून विचारलं.

चारुदत्त दचकला. मग हसला. "हो, काकू. आज पहिला मान त्यांचाच."

त्यानं पानावर फाइल ठेवली. मैनाचे डोळे भरून आले. तीन वर्षांत त्या माणसाचं नाव कुणी धड घेतलं नव्हतं.

अकराला सभा सुरू झाली. "विषय क्रमांक दोन," चारुदत्तनं वाचलं. "रस्त्यावरचे दिवे बदलणे."

"एक कुठं गेला?" सभासद तुळशीराम हसत म्हणाला.

"एक नेहमीचाच. शेवटी वाचतो."

दिवे मंजूर झाले. विहिरीत टाकायची पावडर मंजूर झाली. शाळेचे पत्रे मंजूर झाले. पाचवा विषय स्मशानात लाकडं भरून ठेवण्याचा होता.

"पावसाच्या आधी टाकू," तुळशीराम म्हणाला.

"एक गाडी आजच टाका," सरपंच म्हणाले. "मरनाची येल काय सांगून येते?"

सहा, सात भराभर झाले. आठवा विषय खाडीकाठच्या जागेचा.

"दादा आल्याबिगर आठवा घेयाचा नाय," सरपंचांनी बजावलं. "पनवेलच्या वाटेवर पलस्प्याला गाड्यांची रांग लागली असंल."

"मी आता तिथनंच आलू," तुळशीराम म्हणाला. "रस्ता मोकला हाय."

सरपंचांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तुळशीरामनं चहाचा कप उचलला.

पावणेबाराला सरपंचांचा मोबाइल वाजला. ते खिडकीशी गेले. "हां... बरं... बरं." परत आले ते डोळ्यांना रुमाल लावूनच.

"वयनी, दादा गेला आमचा. डाक्टरकडं पोचायच्या आधीच."

मैना स्टुलावरून खाली बसली. सभासद कीर्तीताईंनी तिला धरलं तसा तिनं हंबरडा फोडला. "एकला गेला गो! मी का नाय बसली त्याच्यासंगं?"

सगळे उभे राहिले. दोन मिनिटं शांतता पाळली. मग सगळे बसले आणि चारुदत्तनं खालच्या आवाजात वाचलं, "विषय क्रमांक आठ. हरकतदार मयत झाल्याने हरकत निकाली. जागा यार्डास देण्यात यावी." हात वर झाले. कीर्तीताईंचा एक हात मैनाच्या पाठीवर होता, त्यांनी दुसरा वर केला.

मैनाला यातलं काही ऐकू आलं नाही. नवऱ्याला शेवटचं पाणी कुणी पाजलं असेल, एवढंच तिच्या डोक्यात होतं. थोड्या वेळानं तिनं पदरानं तोंड पुसलं आणि सरपंचांपुढे हात जोडले. "तुमी गाडी तरी दिलीत. दुसऱ्या कुनी येवढं पन केलं नसतं."

"आपलाच मानूस, वयनी." सरपंच चारुदत्तकडे वळले. "शोकप्रस्ताव वाचा आता. तो पयल्या नंबरला असतो."

चारुदत्तनं फाइल बाजूला केली. मैनानं दहा वाजता पाहिलेलं पान पुन्हा उघडं झालं. खिशातलं पेन त्यानं काढलंच नाही. तो सरळ वाचू लागला.

"विषय क्रमांक एक. कै. काशिराम यांच्या आज झालेल्या दुःखद निधनाबद्दल ही सभा..."